शपथ सोडून सगळं

ईडन प्रेरी, १५ सप्टेंबर २०२४

प्रिय अण्णा,

वर 'श्री' नाही आणि 'तीर्थरूप'ही नाही. होस्टेलवरून पाठवलेल्या माझ्या पत्रांतले हे दोन्ही शब्द तुम्ही लाल पेन्सिलीने खोडून परत पाठवायचात, म्हणून अजून हात आपोआप थांबतो.

पावणेसहा वर्षांनी लिहिते आहे. जुनं काही उकरायला लिहीत नाही. नकुलबद्दल लिहायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगून माझं समाधान होईना.

तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. आता एकोणीस पूर्ण झाली. घरापासून चाळीस मिनिटांवरच्या युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष त्याला फार जड गेलं. रूममेट कानाला हेडफोन लावून बसायचा. नकुल शुक्रवारी घरी यायचा आणि रविवारी परत जाताना चार कपड्यांची बॅग भरायला दोन तास लावायचा. मला कळत होतं. गिरीश म्हणायचा, होईल सवय.

मग एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर अँडर्स नावाच्या एका मुलाने त्याला शनिवारी सकाळी कामाला नेलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरांना व्हीलचेअर चढवण्यासाठी ही मुलं लाकडी रॅम्प बांधून देतात. नकुल संध्याकाळी घरी आला तो हाताला फोड आलेले आणि तोंड भरून बोलणारा. त्यानंतर एकही शनिवार त्याने चुकवला नाही.

ही मुलं एका फ्रॅटर्निटीची, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या बंधुमंडळाची. हा शब्द ऐकून तुम्हाला दारू पिऊन धिंगाणा घालणारी पोरं आठवतील, तशाही असतात. ही सव्वाशे वर्षांपूर्वी पाद्र्यांच्या चार मुलांनी सुरू केलेली. एका जुन्या दगडी घरात चाळीस जण राहतात, एकमेकांना ब्रदर म्हणतात, रविवारी एकत्र जेवतात. जेवणाआधी प्रार्थना होते. नवीन मुलं आधी काही महिने उमेदवार असतात, त्यांना प्लेज म्हणतात, आणि नोव्हेंबरात त्यांची दीक्षा होते. नकुल आता प्लेज आहे. त्याच घरात राहायला गेला आहे.

आणि तो देव मानत नाही. हे त्याला मी शिकवलं नाही. तुम्हीही नाही, तशी संधी मी तुम्हाला दिली नाही. बारा वर्षांचा असताना इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक समोर आलं, तर त्याने ते जपून घेतलं आणि स्वतः हात न फिरवता पुढच्या काकूंना दिलं. मी गाडीत त्याला खूप बोलले होते.

एवढंच कळवायचं होतं. तुमच्या नातवाला माणसं मिळाली आहेत.

तुमची
मालिनी


ईडन प्रेरी, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अण्णा,

उत्तर येईल असं धरून चालले नव्हते. तरी रोज पोस्टाची पेटी उघडत होते.

नकुलची दीक्षा झाली नाही. कसं घडलं ते क्रमाने सांगते.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो जेवायला घरी आला होता. आमटीत पोळी कुस्करता कुस्करता म्हणाला, "आई, ओथमध्ये एक लाइन आहे. बायबलवर हात ठेवून म्हणायचं की मी गॉड मानतो, आणि त्याच्या साक्षीने प्रॉमिस करतो."

गिरीश म्हणाला, "मग?"

"मग मी नाही मानत ना, बाबा."

मी म्हटलं, "अरे, म्हणून टाक. ओठ हलवायचे. तिथे उभ्या असलेल्यांतले निम्मे तरी खरंच मानत असतील का?"

"नसतील. दॅट्स देअर प्रॉब्लेम."

"इतक्या दिवसांनी मित्र मिळालेत तुला. एका वाक्यासाठी घालवणार?"

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, गणित सोडवताना बघतो तसा. म्हणाला, "आई, ते मला ब्रदर म्हणणार. पहिल्याच दिवशी मी खोटं बोललो, तर ते नक्की कुणाला ब्रदर म्हणतायत?" आणि मग, "आजोबांनी काय केलं असतं?"

मी वाढायला उठले. उत्तर मला पाठ होतं, अण्णा. शाळेची नवी इमारत झाली तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही सगळ्यांत सीनियर, हेडमास्तर तुम्हीच होणार हे गावाने ठरवलेलं. संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं, वास्तुशांतीला जोडीने बसा. तुम्ही म्हणालात, खुर्च्या लावतो, मुलं रांगेत उभी करतो, आलेल्यांना पाणी देतो. पूजेला बसणार नाही. हेडमास्तर दुसरे झाले, आणि तुम्ही पुढची अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली दहावीला भूमिती शिकवलीत. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, तुझे वडील असे का गं? मी तेव्हा ठरवलं होतं की मी अशी होणार नाही. बसले असते तर काय बिघडलं असतं? ओठ हलवायचे.

पुढचं मला अँडर्सने सांगितलं, नकुलने नाही. दीक्षेच्या आधीच्या मीटिंगमध्ये नकुलने बोलायची परवानगी मागितली. सगळे बसले होते, शिवाय घराचे जुने सदस्य मिस्टर हॅल्वरसन. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चर्चच्या कमिटीवर, सत्तावन्न वर्षांपूर्वी याच घरात शपथ घेतलेले. नकुल म्हणाला, "मी गॉड मानत नाही. मानतो असं तुम्हाला सांगणार नाही. बाकी जे प्रॉमिस मागाल ते देतो. आणि मोडलं तर मला धरा."

कुणीतरी म्हणालं, यार, नुसते शब्द आहेत. नकुल म्हणाला, नुसते असतील तर काढू या.

तेव्हा हॅल्वरसन उठले. म्हणाले, "घर ज्या पायावर उभं आहे तो एका मुलासाठी हलवत नाहीत." आणि नियमही तसाच आहे, शपथेचा शब्द बदलायचा तर फ्रॅटर्निटीच्या देशभरच्या मुख्य ऑफिसची परवानगी लागते.

गेल्या शनिवारी बाकीच्या अकरा प्लेजची दीक्षा झाली. बंद दाराआड असते ती. त्या वेळात नकुल स्वयंपाकघरात होता. नंतरच्या जेवणासाठी त्याने साठ प्लेटी पुसल्या, टेबलं लावली, आणि दार उघडून सगळे बाहेर आले तेव्हा एकेकाशी हात मिळवून अभिनंदन केलं.

मी फोनवर म्हटलं, "तू कशाला राबलास त्यांच्यासाठी?"

"पाहुणे येणार होते, आई. समबडी हॅड टू."

घर सोडलेलं नाही त्याने. प्लेज म्हणूनच राहतो आहे. मला आधी संताप आला, त्या हॅल्वरसनचा, मग नकुलचा, मग तुमचा. दोन दिवस भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये एकीने विचारलं, मुलगा काय म्हणतो, आणि मी तिला सगळं सांगत सुटले. सांगताना माझा आवाज मलाच ऐकू आला. मी बढाई मारत होते.

मालिनी


ईडन प्रेरी, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अण्णा,

जानेवारीच्या शेवटी अँडर्सचे वडील, मिस्टर लिंडल, गेले. एकावन्न वर्षांचे. गोठ्यात काम करताना छातीत कळ आली आणि तिथेच. त्यांचं शेत इथून चार तासांवर, आयोवाच्या सीमेजवळ, साठ गाई. बाहेर उणे पंचवीस तापमान, रस्त्यावर बर्फ. अँडर्सला गाडी चालवू देण्यात अर्थ नव्हता. नकुल त्याला घेऊन गेला आणि सहा दिवस तिथे राहिला.

मला वाटलं मित्राजवळ बसून असेल. गेल्या आठवड्यात अँडर्सच्या आईचं, कॅरनचं, पत्र आलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं. तुमचा मुलगा रोज पहाटे माझ्या दिरासोबत गोठ्यात गेला, असं तिने लिहिलं आहे. त्याला गाईच्या जवळ जायचीही सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी दूध काढायचं मशीन तो एकटा लावत होता. शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत तो होता.

दफन झाल्यावर घरी तीसेक माणसं जेवायला जमली. लांब टेबल, सगळ्यांनी एकमेकांचे हात धरलेले. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी तिचा नवरा म्हणायचा. अँडर्सला बोलवेना. तिने शेजारी बसलेल्या नकुलला म्हटलं, "तू म्हणशील का?" तिला ठाऊक नव्हतं.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. अण्णा, त्या खुर्चीवर मी असते तर इंटरनेटवर वाचलेली कुठली तरी प्रार्थना आठवून म्हणून टाकली असती, आणि तेच योग्य असं आजही दहांतले नऊ जण म्हणतील.

नकुल म्हणाला, "मॅम, मी प्रार्थना करत नाही. पण मला काही म्हणायचं आहे, चालेल का?" ती हो म्हणाली. त्याने टेबलावरच्या प्रत्येक भांड्याचं नाव घेतलं आणि ते कुणी आणलं ते सांगितलं. चीज घालून भाजलेले बटाटे पलीकडच्या शेतावरच्या आजींनी, ब्रेड शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने, भाजलेलं मांस पशुवैद्याने. सकाळी रस्त्यावरचा बर्फ कुणी काढला, गाईंना कुणी पाहिलं, तेही. शेवटी म्हणाला, "हे सगळे मिस्टर लिंडलसाठी आले आहेत. मी त्यांना एकदाच भेटलो होतो. त्यांनी मला ट्रॅक्टर चालवू दिला होता." आणि थांबला.

टेबलाच्या टोकाला बसलेले पाद्री आधी आमेन म्हणाले, मग सगळे. कॅरन लिहिते, त्या आठवड्यात तिथेच ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

नकुलने यातलं मला काहीही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "फूड कोणी आणलं ते मला माहीत होतं, कारण दार मीच उघडत होतो."

ते पत्र मी किती जणांना वाचून दाखवलं याचा हिशोब नाही. मंडळाच्या हिमानीला, नेपरव्हिलच्या नणंदेला, डेंटिस्टला. पण वाचून झालं की दर वेळी आई गेली तेव्हाचं आठवायचं. ते आज लिहिते. मागच्या दोन पत्रांत मी त्याच्या भोवती फिरत होते.

आई गेली तेव्हा तुम्ही ऑपरेशननंतर गुंगीत होतात. देहदानाच्या फॉर्मवर तुम्हा दोघांच्या सह्या होत्या. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. मेडिकल कॉलेजचा माणूस गाडी घेऊन यायला तयार होता. मोठे मामा म्हणाले, "मालू, तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. नवऱ्यापुढे ती काय बोलणार?" नातेवाईक दारात उभे होते. मी फोन करून कॉलेजला नको म्हणून सांगितलं. अग्नी दिला, दहावा केला, सगळं केलं.

यावर तुम्ही चिडला असतात, आणि कदाचित माफही केलं असतंत. पण शुद्धीवर आल्यावर तुम्ही विचारलंत, आणि मी म्हणाले की कॉलेजने देह घेतला नाही, उशीर झाला म्हणाले. महिन्याने तुम्ही काठी टेकत कॉलेजात जाऊन विचारलंत. मी फोनवर म्हणाले, काहीतरी गोंधळ झाला असेल. तेव्हापासून आपण बोललो नाही.

गोंधळ नव्हता झाला. मी खोटं बोलले होते. तुमच्याकडे बघून, तुमचा हात हातात धरून. एवढं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली, आणि लिहायला शिकवलं ते एकोणीस वर्षांच्या पोराने.

मालिनी


ईडन प्रेरी, ४ मे २०२५

प्रिय अण्णा,

मागच्या पत्राला तुम्ही काय म्हणालात ते मला माहीत नाही. आज नुसतं नकुलचं.

अँडर्स परत आल्यावर घरातल्या मुलांनी मुख्य ऑफिसला अर्ज केला. नकुलला स्वतःच्या शब्दावर वचन देऊ द्या, देवाचं नाव न घेता. एकूण एक मुलाने सही केली. त्यातले सात-आठ जण दर रविवारी चर्चला जातात. पण जुन्या सदस्याच्या शिफारशीशिवाय ऑफिस असला अर्ज उघडत नाही, आणि जुने सदस्य म्हणजे हॅल्वरसन.

त्यांनी हो-नाही काही सांगितलं नाही. मार्चपासून दर शनिवारी रॅम्पच्या कामावर येऊन बसायला लागले. फोल्डिंगची खुर्ची, थर्मासमध्ये कॉफी. एके दिवशी नकुल फळी कापत होता तेव्हा विचारलं, "देव नाही, तर तू शपथ कशाची घेतोस?"

नकुल म्हणाला, "कशाचीच नाही, सर. सातला येतो म्हणतो आणि सातला येतो."

म्हातारा म्हणाला, "माहीत आहे. सहा आठवडे मी पावणेसातलाच येऊन बसतोय."

त्या सोमवारी त्यांनी शिफारस लिहिली. अँडर्सने मला तिचा फोटो पाठवला. त्यात आहे: या शपथेवेळी मी तीनशे मुलांच्या शेजारी उभा राहिलो. ती आधी नीट वाचून मग ठरवणारा मला हा पहिला मुलगा भेटला.

ऑफिसचं उत्तर आलं. अर्धं आलं, असं म्हणू. बायबलवर हात नको, शपथ हा शब्दही नको, पण देवाचं नाव राहील. गिरीश म्हणाला, आता तरी घे बाबा, एवढं झुकले ते. मी काही बोलले नाही, अण्णा. या वेळी मी खरंच काही बोलले नाही. नकुलने ऑफिसला आभाराचं पत्र लिहिलं आणि नाही म्हणून कळवलं. मुलं भडकली, काहींनी ठरवलं की नियम गेला उडत, आपण आपल्या पद्धतीने दीक्षा देऊ. नकुलनेच अडवलं. म्हणाला, त्यांनी मान्यता काढून घेतली तर घर जाईल, आणि मला घर हवं आहे.

तेव्हा आज कागदावर तो ब्रदर नाही. मत देता येत नाही, पदं नाहीत. हॅल्वरसन पुढच्या उन्हाळ्यात राष्ट्रीय सभेत हा विषय मांडणार आहेत. मध्यंतरी मुलांनी रॅम्पचं सगळं काम नकुलच्या हाती दिलं आहे, आणि तो त्यांना वेळेवरून रागावतो म्हणे.

काल आईवडिलांसाठी जेवण होतं. मी ऐंशी बटाटेवडे करून नेले. सगळे उभे राहिले, अँडर्सने प्रार्थना म्हटली. माझा मुलगा हात खाली सोडून, डोळे उघडे ठेवून उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मुलं डोळे मिटून. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. प्रार्थना संपल्यावर अँडर्स म्हणाला, "नकुल." आणि नकुलने स्वयंपाक कुणी कुणी केला त्यांची नावं घेतली. ही आता तिथली पद्धत झाली आहे म्हणे. माझं नाव त्याने चौथं घेतलं. सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणाले. नकुल सोडून.

मी गणपतीत आरती सांगते, अण्णा, वीस वर्षं. खरं सांगू? मला देव किती हवा होता कोण जाणे. माणसं हवी होती, आणि ती एरवी मिळणार नाहीत असं वाटायचं. तुम्हाला मिळाली नव्हती, हे मी पाहिलं होतं.

नकुलने तुमचा पत्ता मागून घेतला आहे. काय लिहिलं विचारलं तर म्हणाला, "एकच प्रश्न."

मालिनी


ईडन प्रेरी, २२ जून २०२५

प्रिय अण्णा,

तुमचं पत्र नकुलला मिळालं. माझ्या चार पत्रांना उत्तर नाही आणि त्याच्या एका ओळीला चार पानं. मला हेवा वाटला, हे आधी लिहून टाकते.

त्याने तुम्हाला विचारलं होतं, तुम्हाला कधी एकटं वाटलं का. तुम्ही काय लिहिलंत ते त्याने मला सांगितलं नाही. "दॅट्स बिटवीन अस, आई." फक्त तिसरं पान वाचून दाखवलं. म्हणाला, हे तुझं आहे, आजोबांनी तसं वर लिहिलंय.

मी त्याला ते दोनदा वाचायला लावलं. तुम्ही लिहिलंत, आई दर गुरुवारी भाजीला म्हणून बाहेर पडायची आणि घाटावरच्या दत्ताच्या देवळात जाऊन यायची. एकतीस वर्षं. तुम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पिशवीत भाजी नेहमी थोडी आणि जून असायची, कारण बाजार उठताना घेतलेली. तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत. फॉर्मवर सही करतानाही विचारलं नाहीत, कारण काय उत्तर येईल याची तुम्हाला भीती होती. आणि आईच्या मनात देव होता, मामा म्हणाले तसंच, हे ठाऊक असून सहा वर्षं तुम्ही मला ते कळू दिलं नाहीत. 'मालूने एकदा खोटं सांगितलं. मी एकतीस वर्षं खरं विचारलं नाही. हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं.' नकुल मराठी अडखळत वाचतो. हे वाक्य त्याने न अडखळता वाचलं.

मला फार राग आला. अजून आहे. आईच्या नावाने मी रोज स्वतःला दोष देत होते आणि तुम्ही तिकडे हे दाबून बसला होतात. पण एक्क्याऐंशीव्या वर्षी, कुणी विचारलं नसताना, स्वतःविरुद्ध साक्ष देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लहानपणी तुमची लाज वाटायची आणि नंतर भीती. काल नकुलसमोर बसून मला तुमचा अभिमान वाटला. त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? त्यांना लिही."

आम्ही दोघं एकवीस डिसेंबरला कराडला पोचतो, गिरीशला सुट्टी नाही. तीन आठवडे आहोत. नकुलला घाट बघायचा आहे. मला तुमच्याशी आईबद्दल बोलायचं आहे, पहिल्यापासून, काही न वगळता. ती देवळात काय मागायची, ते तुम्हाला माहीत असेल तर तेही.

तुमची
मालू